लोणारवर पीएच.डी. करायची आहे, पण कोणत्या विद्याशाखेत?

प्रश्न विचारणाऱ्या ताईंची परिस्थिती थोडक्यात अशी: पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी., मग बी.एड., सध्या कनिष्ठ महाविद्यालयात नोकरी आणि सकाळी लॉ कॉलेजचं दुसरं वर्ष. विषय डोक्यात पक्का आहे, लोणार सरोवर. नोंदणी कुठे करावी ते मात्र ठरत नाही. सायन्सवाले मित्र म्हणतात, खरं संशोधन प्रयोगशाळेतच होतं. एम.एड. झालेली मैत्रीण म्हणते, शिक्षणशास्त्रात घे, लवकर सुटशील. लॉचे सर म्हणतात, हायकोर्टात लोणारची याचिका आहे, त्यावरच लिही. इतक्या वेगवेगळ्या कामांना एकच पदवी कशी मिळते आणि यातलं खरं संशोधन कोणतं, असं त्यांनी विचारलं आहे.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. सायन्स, पर्यावरणशास्त्र, कायदा आणि शिक्षणशास्त्र, चारही ठिकाणी खरं संशोधन होतं, आणि चारही ठिकाणी पाट्या टाकणारेही भरपूर आहेत. मी मूळचा भूशास्त्राचा. गाईड म्हणून आणि विद्यापीठाच्या संशोधन समित्यांवर बसून बाकीच्या शाखांचे आराखडेही पुष्कळ वाचले. त्यातून माझं एक मत झालं आहे. जागा किंवा विषय आधी धरून मग विद्याशाखा शोधणारा विद्यार्थी हमखास अडकतो. आधी प्रश्न ठरवावा. मग स्वतःला विचारावं: माझं उत्तर चूक आहे असं कुणाला दाखवायचं असेल, तर तो माणूस टेबलावर काय आणून ठेवेल? खडकाचा तुकडा ठेवणार असेल तर तुम्ही सायन्समध्ये आहात. दहा वर्षांच्या पाण्याच्या नोंदी ठेवणार असेल तर पर्यावरणशास्त्रात. निकालपत्र ठेवणार असेल तर कायद्यात, आणि मुलाची वही ठेवणार असेल तर शिक्षणशास्त्रात. 'लोणार सरोवराचा अभ्यास' हे शीर्षक घेऊन आलात तर टेबलावर काय ठेवायचं ते कुणालाच कळणार नाही. तुम्हालाही नाही.

लोणारचंच उदाहरण घेऊ. बुलढाणा जिल्ह्यातलं हे विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं आणि काठापासून तळापर्यंत दीडशे मीटरच्या आसपास खोल आहे, आणि ते सगळं दख्खनच्या काळ्या बेसाल्टमध्ये. १८२३ मध्ये अलेक्झांडर नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्यानं त्याची नोंद केली, आणि पुढची दीडशे वर्षं ते कशानं झालं यावर वाद चालू राहिला. बऱ्याच जणांना ते ज्वालामुखीचं वाटायचं. चहूकडे लाव्हाचेच थर, मग खड्डा तरी दुसऱ्या कशाचा असणार? १८९६ मध्ये गिल्बर्ट या मातब्बर अमेरिकन भूवैज्ञानिकाला लोणार आणि ॲरिझोनाचं विवर यांच्यातलं साम्य दिसलं होतं, पण ॲरिझोनाचं विवर त्यानं वाफेच्या स्फोटाचं ठरवलं. आज तेच विवर उल्कापाताचं नमुनेदार उदाहरण म्हणून शिकवतात. नुसत्या साम्यावर गेलं की मोठी माणसंही अशी वाहवत जातात.

वादाचा निकाल लागला तो १९७३ मध्ये. फ्रेडरिक्सन, दुबे, मिल्टन आणि बालसुंदरम यांचा निबंध 'सायन्स'मध्ये आला आणि त्यात लोणारच्या खडकातलं मास्केलिनाइट दाखवलं होतं. ते नेमकं काय हे सांगतो, कारण या शाखेत पुरावा कशाला म्हणतात ते त्यातून कळतं. बेसाल्टमध्ये प्लॅजिओक्लेज नावाचं, फेल्डस्पार गटातलं एक खनिज असतं. खडकाचा पातळ काप करून ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की ते पट्ट्यापट्ट्यांचं दिसतं, आणि काप फिरवत गेलं की त्या पट्ट्या आळीपाळीनं उजळतात, काळवंडतात. लोणारच्या काही तुकड्यांत कण त्याच आकाराचा असतो, कडा शाबूत असतात, पण काप कितीही फिरवा, तो काळाच्या काळाच राहतो. स्फटिकाची आतली रचना जागच्या जागी मोडून काच झाली आहे, वितळून वाहून न जाता. त्यासाठी लागणारा दाब ज्वालामुखीत निर्माण होतच नाही. तो प्रचंड वेगाच्या आघातातच येतो. हाच काप लोणार कधीही न पाहिलेल्या माणसानं दुसऱ्या खंडात बसून पाहिला तरी त्याला तेच दिसेल.

पण म्हणून तिथलं सगळं ठरून गेलं असं समजू नका. विवराचं वय अजून वादात आहे. थर्मोल्युमिनिसन्सनं मोजलं तेव्हा पन्नास हजार वर्षांच्या आसपास आलं, आणि माहितीच्या अनेक पुस्तकांत अजून तोच आकडा छापला जातो. २०११ मध्ये खडकात साठत जाणाऱ्या आर्गॉन वायूवरून मोजलं तेव्हा साडेपाच-पावणेसहा लाख वर्षं आलं. म्हणजे दहापटीहून जास्त फरक. ही दोन घड्याळं वेगवेगळ्या गोष्टी मोजतात. पहिलं त्या काचेत अडकून साठलेल्या ऊर्जेवर चालतं. ती ऊर्जा मधल्या काळात निसटली किंवा साठा भरून गेला तर वय कमी दिसतं. दुसऱ्याला साडेसहा कोटी वर्षांच्या जुन्या बेसाल्टमधला उरलासुरला आर्गॉन फसवू शकतो, मग वय जास्त दिसतं. सायन्सचा विद्यार्थी इथे शिरतो तो 'नवीन माहिती' आणायला नव्हे, तर कोणतं घड्याळ कुठे फसतं हे दाखवायला. आणि त्यासाठी यंत्र लागतं. गाईडच्या विभागात यंत्र आहे, की नमुने बाहेर पाठवून पैसे भरून रांगेत थांबायचं, हा प्रश्न नोंदणीच्या आधीच विचारून घ्या. विचारायला लाजणाऱ्यांची पुढे वर्षं जातात.

आता तुमची मूळ शाखा. जून २०२० मध्ये, लॉकडाऊनच्या काळात, सरोवराचं पाणी गुलाबी झालं. व्हॉट्सॲपवर काय काय फिरलं ते तुम्हाला आठवत असेल. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं दखल घेतली, वनखात्यानं नमुने नागपूरच्या नीरी या पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेकडे आणि पुण्याच्या आगरकर संशोधन संस्थेकडे पाठवले. आगरकरनं कारण सांगितलं: हॅलोआर्किया, म्हणजे खारट पाण्यात वाढणारे आणि गुलाबी रंगद्रव्य तयार करणारे सूक्ष्मजीव. त्यांच्याकडच्या नमुन्यात ते सूक्ष्मजीव तळाला बसल्यावर वरचं पाणी स्वच्छ दिसू लागलं. म्हणजे रंग पाण्याचा नव्हता, पाण्यातल्या जिवांचा होता. उन्हाळ्यात पाणी आटलं, खारटपणा वाढला, त्यांना सुगी मिळाली.

इथपर्यंत काम सूक्ष्मजीवशास्त्राचं. पर्यावरणशास्त्राचा प्रश्न त्यानंतर सुरू होतो: हे पूर्वीही होत होतं का, की सरोवरात काही बिघडलं आहे? याचं उत्तर एका बाटलीत मिळत नाही. त्यासाठी पूर्वीचं सरोवर कसं होतं ते माहीत हवं, आणि आपल्याकडे नेमकी तीच नोंद नसते. लोणारचं नशीब बरं, त्याची नोंद तळाच्या गाळातच आहे. भारतीय आणि जर्मन संशोधकांनी तिथून काढलेल्या सुमारे दहा मीटर लांबीच्या गाळाच्या दंडातून गेल्या अकरा हजार वर्षांच्या मान्सूनचा आलेख निघाला. त्यातल्या काही थरांत गेलुसाइटचे खडे सापडले. हे खनिज पाणी फार आटून क्षार घट्ट झाले की तयार होतं. त्यावरून दोन लांबलचक कोरडे काळ ओळखले गेले, एक साधारण ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वीचा आणि दुसरा २,००० ते ६०० वर्षांपूर्वीचा. ज्याला हा आलेख ठाऊक आहे तो 'सरोवर नष्ट होत आहे' असं वाक्य पहिल्या प्रकरणात लिहिताना दहादा विचार करेल. उलट, गावाचं सांडपाणी, भोवतालच्या बोअरवेल, काठावर माजलेली वेडी बाभूळ या गोष्टी त्या अकरा हजार वर्षांत नव्हत्या, तेव्हा 'पूर्वीही असंच व्हायचं' म्हणून हात झटकताही येत नाहीत. निसर्गाची चढउतार किती आणि माणसाची किती, हे वेगळं करून दाखवणं म्हणजे या शाखेतली पीएच.डी.

प्रत्यक्षात दिसतं काय? उन्हाळा-पावसाळा-हिवाळा असे तीन नमुने, पीएच, डीओ (पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन), बीओडी आणि सीओडी (पाण्यातली घाण जिरवायला जिवाणूंना आणि रसायनांना लागणारा ऑक्सिजन) यांचं कोष्टक, आणि शेवटी 'पाणी प्रदूषित असून उपाययोजना करणे गरजेचे आहे'. लोणारच्या बाबतीत तर हे कोष्टक धोकादायक आहे. पाणी इतकं खारट असेल तर क्लोराइडमुळे सीओडीचा आकडा खोटा फुगतो. तो अडथळा काढून टाकल्याचं लिहिलं नसेल तर मी तो आकडा मानत नाही. पीएच दहाच्या वर आणि सोडियम भरपूर असेल तर साध्या काचेच्या इलेक्ट्रोडवर रीडिंग प्रत्यक्षापेक्षा कमी येतं. बाटली प्रयोगशाळेत नेऊन दुसऱ्या दिवशी पीएच मोजणं हा तर निव्वळ वेळेचा अपव्यय. नमुना धारेच्या, म्हणजे काठावरच्या झऱ्याच्या गोड्या पाण्याजवळ घेतला की मध्यावर, वरचा की तळाजवळचा, याची नोंद नसलेली कोष्टकं मी पाहिली आहेत, आणि त्यांवर पदव्या मिळालेल्याही.

कायद्याकडे वळताना सायन्सवाल्या मित्रांना बाहेर बसवा, कारण त्यांना हे संशोधनच वाटत नाही. 'नुसतं वाचायचं? डेटा कुठाय?' असं ते विचारतात. डेटा आहे, तो कायद्याच्या मजकुरात आहे. हे बघा. लोणार २००० साली वन्यजीव अभयारण्य झालं. नोव्हेंबर २०२० मध्ये ते आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलं, नांदूर मधमेश्वरनंतरचं महाराष्ट्रातलं दुसरं. आता पाणथळ जागांचे २०१७ चे नियम काढून वाचा. तिसऱ्या नियमात म्हटलं आहे की हे नियम रामसर यादीतल्या पाणथळ जागांना लागू होतील. लगेच खाली परंतुक आहे: वन्यजीव संरक्षण कायदा, वन कायदा वगैरेंच्या क्षेत्रात येणाऱ्या पाणथळ जागांना हे नियम लागू होणार नाहीत. लोणार दोन्हीकडे बसतं. मग त्याला हे नियम लागू की नाही?

हा खरा संशोधनप्रश्न आहे आणि त्याला एकही बाटली लागत नाही. तो सोडवायला २०१० चे जुने नियम वाचावे लागतात आणि काय बदललं ते पाहावं लागतं. पाणथळ जागांच्या सर्वोच्च न्यायालयातल्या प्रकरणात, २०१७ मध्ये, उपग्रहाच्या नकाशांवरून मोजलेल्या २,०१,५०३ जागांना संरक्षण देताना कोर्टानं कोणते शब्द वापरले ते पाहावं लागतं. रामसर करार १९७१ चा, भारत त्यात १९८२ मध्ये सामील झाला, त्यातून सरकारवर कोणतं बंधन येतं ते पाहावं लागतं. शिवाय परिसरातल्या संरक्षित मंदिरांना १९५८ चा प्राचीन स्मारकांचा कायदा लागू, त्यात २०१० च्या दुरुस्तीनं आलेली शंभर मीटरची बांधकामबंदी आणि पुढच्या दोनशे मीटरवरचं नियंत्रण. वर गाव नगर परिषदेच्या हद्दीत. एकाच खड्ड्यावर इतके कायदे, आणि त्यांतला कोणता कोणाला मागे सारतो हे ठरवायला तर्क लागतो, शिस्त लागते आणि भरपूर बैठक लागते.

कायद्यात पुराव्याची एक गंमत अशी की तुमचं म्हणणं खोडायला मोठं खंडपीठ पुरेसं असतं, किंवा संसद. १ जुलै २०२४ ला भारतीय दंडविधानाच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि जुन्या कलमांवर उभे असलेले कितीतरी अर्धवट प्रबंध रातोरात जुने झाले. दुसरं म्हणजे निकाल कसा वाचायचा. कमल नाथ प्रकरणाचा १९९६ अखेरचा निकाल प्रत्येक पर्यावरण-कायदा प्रबंधात असतो: हवा, पाणी, जंगल ही सरकारची मालमत्ता नसून ती जनतेसाठी विश्वस्त म्हणून सांभाळायची आहे, हे तत्त्व तिथं आपल्याकडे रुजलं. पण विद्यार्थ्याला विचारावं की बियास नदीकाठच्या त्या हॉटेलाच्या बाबतीत कोर्टानं प्रत्यक्ष ठरवलं काय, आणि ओघात बोललं काय, तर शंभरातले नव्वद जण गप्प बसतात. निवाड्याचा बांधील भाग आणि ओघातलं भाष्य वेगळं काढता येणं, हे कायद्याच्या संशोधकाचं सूक्ष्मदर्शकावरचं कौशल्य समजा.

आणि या शाखेतला रोगही सांगून ठेवतो. सायन्ससारखं दिसावं म्हणून लॉच्या प्रबंधात शंभर माणसांची प्रश्नावली घुसडतात. 'तुम्हाला पर्यावरण संरक्षण कायदा माहीत आहे का? होय / नाही.' त्याचा रंगीत पाय चार्ट. कायदा लोकांना माहीत नाही हे कळायला पाच वर्षं कशाला हवीत? कायद्यातही मोजमापाचं संशोधन होतं आणि चांगलं होतं, पण त्यासाठी प्रश्न मोजण्याजोगा हवा. उदाहरणार्थ, लोणारच्या जनहित याचिकेत कोर्टानं दिलेले आदेश तारखेनुसार लावा, प्रत्येकापुढे कोणत्या खात्यानं कधी शपथपत्र दिलं ते लिहा, आणि पूर्तता किती दिवसांनी झाली ते पाहा. आदेश कोर्टाच्या संकेतस्थळावर मिळतात. हे काम कंटाळवाणं आहे, म्हणूनच कुणी करत नाही, म्हणूनच करण्यासारखं आहे.

राहिलं शिक्षणशास्त्र. 'लवकर सुटशील' हे मैत्रिणीचं म्हणणं व्यवहारात खरं आहे, आणि त्याचं मला वाईट वाटतं, कारण चारांमध्ये अवघड शाखा हीच. खडकाला आपल्याला कुणी बघतंय हे कळत नाही, मुलाला कळतं. परिचयाचा साचा तुम्हाला बी.एड.पासून माहीत आहे: तीस मुलांचा प्रायोगिक गट, तीस मुलांचा नियंत्रित गट, पूर्वचाचणी, संशोधकानं स्वतः तयार केलेला कार्यक्रम, उत्तरचाचणी, टी-मूल्य, शून्य परिकल्पनेचा (दोन गटांत फरक नाही या गृहीताचा) त्याग. शून्य परिकल्पना टिकलेला प्रबंध मी फार क्वचित पाहिला. टिकेल कशी? प्रायोगिक गटाला संशोधक स्वतः शिकवतो, नवीन साहित्य घेऊन, सकाळच्या तासाला, जीव तोडून. नियंत्रित गटाला नेहमीचे सर, नेहमीचा खडू. चाचणीही संशोधकानंच काढलेली, त्यानं जे शिकवलं त्यावरच. एवढं करूनही फरक पडला नसता तर ती बातमी झाली असती. त्यात मुलं चिठ्ठ्या टाकून वाटलेली नसतात, 'अ' तुकडी आणि 'ब' तुकडी तशीच उचललेली असते, आणि त्या दोन तुकड्या शाळेनं कशा पाडल्या ते सगळ्यांना माहीत असतं.

कृती संशोधन म्हणून हे ठीक आहे. शिक्षकानं स्वतःच्या वर्गातली अडचण सोडवावी, जरूर. पीएच.डी.ला मात्र निष्कर्ष तुमच्या वर्गाबाहेर का लागू व्हावा ते सांगावं लागतं. इथे साधनं घडवण्यात खरी मेहनत आहे. मुलांना वाचता येतं का, गणित येतं का हे तपासणारं 'असर'चं सर्वेक्षण २००५ पासून चालतं. त्यात मुलं शाळेत न गाठता घरी गाठतात. वरवर ही सोयीची बाब वाटते, पण शाळेत गेलात तर त्या दिवशी हजर असलेलीच मुलं भेटतात. गैरहजर, शाळा सोडलेली, कधी न गेलेली मुलं तुमच्या आकड्यातून आधीच गळलेली असतात. एवढ्या एका निर्णयावर सगळ्या आकड्यांची किंमत ठरते.

लोणारवर शिक्षणशास्त्रात काय करता येईल? मला विचाराल तर तिथला एक प्रश्न फार सुंदर आहे. गावातलं पोर लहानपणापासून लवणासुराची गोष्ट ऐकतं: असुर जमिनीखाली राहायचा, विष्णूनं दैत्यसूदन होऊन त्याला मारलं, त्याचं ते विवर आणि त्याच्या रक्ताचं ते पाणी. दैत्यसूदनाचं देऊळ रोजच्या रस्त्यावर. शाळेत तेच पोर उल्कापात शिकतं. ती दोन्ही उत्तरं त्याच्या डोक्यात कशी नांदतात? एकानं दुसऱ्याला हाकललं, की दोघांची वाटणी झाली, की मिसळून तिसरंच काही तयार झालं? हे हवेतलं नाही. १९९६ मध्ये हैदराबादच्या मुलांच्या पृथ्वीविषयीच्या कल्पनांवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात पृथ्वी पाण्यावर टेकलेली किंवा तरंगणारी असल्याचं सांगणारी मुलं भेटली. परंपरेतून आलेली कल्पना आणि शाळेतला गोल यांची त्यांनी आपापल्या परीनं जुळवणी केली होती. मुंबईत मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातही मुलांच्या खगोलाच्या समजुतींवर चित्रं आणि हावभावांच्या आधारे बारकाईनं काम झालं आहे. ते वाचल्याशिवाय या वाटेला जाऊ नका.

आणि मुलाशी बोलायचं कसं, तेही बघा. 'विवर कशामुळे झालं?' या प्रश्नाला सातवीचं मूल 'उल्का पडल्यामुळे' म्हणेल. चाचणीत एक गुण, काम संपलं. तुम्ही तिथे थांबू नका. विचारा, 'मग ती उल्का आता कुठे आहे?' इथे मूल थबकतं. पाण्याखाली आहे म्हणेल, कुणी उचलून नेली म्हणेल, फुटून गावभर उडाली म्हणेल. चित्र काढायला सांगा: पडायच्या आधी इथे काय होतं, पडताना काय झालं, नंतर काय उरलं. दगड कडेनं वर उचलून उलथले गेले हे एखाद्याच्या चित्रात येईल, एखाद्याच्या चित्रात भोवरा पडलेल्या चिखलासारखा नुसता खळगा असेल. तुमचा डेटा म्हणजे हे बोलणं आणि ही चित्रं, आणि त्यांचं वर्गीकरण दुसऱ्या माणसानं स्वतंत्रपणे केलं तरी बहुतांशी तसंच यायला हवं. पालकांची लेखी संमती, मुलाला नको म्हणायची मुभा, जिल्हा परिषदेची शाळा असेल तर शिक्षणाधिकाऱ्यांचं पत्र, हे सगळं पहिल्या मुलाखतीच्या आधी.

आता तुमच्या व्यवहाराकडे येऊ. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यानं चार विद्याशाखा केल्या. तुमचं पर्यावरणशास्त्र विज्ञान व तंत्रज्ञान शाखेत पडतं, कायदा मानव्यविद्येत आणि शिक्षणशास्त्र आंतरविद्याशाखीय अभ्यासात. बुलढाणा जिल्हा अमरावती विद्यापीठाच्या क्षेत्रात येतो, पण नोंदणी तिथेच केली पाहिजे असं काही नाही. पात्रतेसाठी संबंधित विषयातली पदव्युत्तर पदवी बघतात. कायद्यासाठी एलएल.एम. लागेल, तुमचं अजून एलएल.बी.च चालू आहे. शिक्षणशास्त्राला एम.एड. किंवा शिक्षणशास्त्राचं एम.ए. लागेल, तुमच्याकडे बी.एड. आहे. आज तुमच्यापुढे उघडं दार एकच आहे. हे मित्रमैत्रिणींपैकी कुणी सांगितलं नाही याचं मला नवल वाटतं.

'मग आंतरविद्याशाखीय करते, चारही बाजू घेते' असा विचार मनात आला असेल तर तो लगेच काढून टाका. असे आराखडे मी पाहिले आहेत: एक प्रकरण पाण्याच्या तपासणीचं, एक कायद्याचं, एक जनजागृतीच्या प्रश्नावलीचं. तिन्ही पातळ. बाहेरचा परीक्षक पाण्याचा आला तर पाण्यावरून धरतो, कायद्याचा आला तर कायद्यावरून, आणि दोघांचंही बरोबर असतं. दोन शाखांचं उत्तम काम दोन शाखांची माणसं एकत्र येऊन करतात. एकट्या विद्यार्थ्यानं नोकरी सांभाळून ते करायचं म्हटलं तर सहा वर्षांची मुदत पुरत नाही.

तरी तुमच्या एम.एस्सी.चा आणि लॉचा दोन्हींचा उपयोग होईल असा एक प्रश्न पर्यावरणशास्त्रातच मला दिसतो. लोणारच्या पाण्याच्या तपासण्या गेली कित्येक वर्षं वेगवेगळ्या संस्थांनी, वेगवेगळ्या निमित्तानं केल्या. त्यातल्या काही कोर्टात शपथपत्रांसोबत गेल्या, काही शोधनिबंधांत आल्या, काही खात्यांच्या फायलींत राहिल्या. त्या एकमेकींशी ताडून बघण्याजोग्या आहेत का? नमुना कुठून घेतला, कोणत्या महिन्यात, किती खोलीवरून, क्लोराइडचा अडथळा काढला का, पीएच जागेवर मोजला का, यावरून प्रत्येक जुना आकडा विश्वासार्ह, दुरुस्त करता येण्याजोगा की टाकाऊ ते ठरवायचं. मग तुम्ही स्वतः दोन-तीन वर्षं ठरावीक ठिकाणी, ठरावीक पद्धतीनं नमुने घ्यायचे, आणि जुन्या पद्धती तुमच्याच नमुन्यांवर मुद्दाम चालवून बघायच्या, म्हणजे त्या किती चुकतात ते आकड्यात कळेल. यात पर्यावरणशास्त्राचं काम पूर्ण आहे, आणि शपथपत्रं कुठे सापडतात, कशी वाचायची हे लॉच्या शिक्षणानं तुम्हाला येतं. असा एक विश्वासार्ह क्रम हाती आला तर कोर्टालाही आणि वनखात्यालाही तो हवाच असेल. लवणासुर आणि उल्केचा प्रश्न सोडू नका, पण तो तुमच्या वर्गापुरता, एखाद्या लेखापुरता ठेवा. पुढे एम.एड. केलंत तर तो तुमची वाट बघत असेल.

काही किरकोळ पण अडवणाऱ्या गोष्टी. अभयारण्यातून नमुने घ्यायला मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते; वन्यजीव कायद्याच्या २८ व्या कलमात शास्त्रीय संशोधनासाठी ती देण्याची तरतूद आहे. अर्जात ठिकाणं, लिटर आणि महिने स्पष्ट लिहा, 'आवश्यकतेनुसार' असं लिहू नका. सूक्ष्मजीवांकडे वळायचा मोह होईल, कारण लोणारमधून इंडिबॅक्टर अल्कालिफिलससारख्या संपूर्ण नव्या प्रजाती सापडल्या आहेत. पण नव्या जिवाचं नाव मान्य व्हायला त्याचे नमुने दोन वेगळ्या देशांतल्या संग्रहांत ठेवावे लागतात, आणि देशाबाहेर पाठवायचं म्हटलं की जैवविविधता कायद्याची परवानगी आली. ते वेगळंच प्रकरण आहे, त्यात आत्ता पडू नका. शोधनिबंध छापल्याशिवाय प्रबंध घेत नाहीत ही जुनी सक्ती विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांत राहिलेली नाही, तेव्हा पैसे घेऊन आठ दिवसांत छापणाऱ्या मासिकांच्या नादी लागायचं कारणच नाही; तुमच्या विद्यापीठाचा स्वतःचा नियम काय आहे तेवढा मात्र बघून घ्या. नोकरीच्या ठिकाणचं ना-हरकत पत्र आधी घ्या, अर्धवेळ नोंदणीला ते लागतं.

परवानगीचा अर्ज नोंदणी होईपर्यंत थांबवू नका, गाईडचं संमतिपत्र मिळालं की त्यांच्या नावानं तो पुढे सरकवायला सुरुवात करा. लोणारचं पाणी सगळ्यात आटलेलं आणि खारट असतं ते मे अखेर ते पहिला पाऊस एवढ्याच दिवसांत. त्या वेळचा नमुना हुकला की पुढचा थेट पुढच्या मे महिन्यात.